मरण दिसते, मारणे दिसत नाही



‘युद्धाचा गौरव करणारी कविता आणि तिचा वाचक’ हा आजचा विषय. या विषयावर आपल्याकडे बहुतेक दोनच भाषणे होतात. पहिल्यात सांगतात, अशी कविता रक्त सळसळवते, राष्ट्राला तिची गरज आहे. दुसऱ्यात सांगतात, अशी कविता कोवळ्या पोरांना तोफेच्या तोंडी देते, ती पाठ्यपुस्तकातून काढा. दोन्ही वक्ते कवीकडे बोट दाखवतात आणि वाचकाला गृहीत धरतात. मला आज वाचकाबद्दलच बोलायचे आहे, आणि जे म्हणायचे ते आडपडदा न ठेवता आधीच सांगतो. युद्धगौरवाची म्हणून जी कविता आपण पाठ करतो, सभेत म्हणतो, जिने आपला कंठ दाटतो, तिच्यात आपल्याला हलवते ते मरण. सैनिक मरतो तसाच मारतोही. किंबहुना मारण्यासाठीच त्याला पाठवलेले असते. हे मारणे त्या कवितेत जवळपास नसते, आणि जिथे असते तिथे आपण ते ऐकून न ऐकल्यासारखे करतो. मग मरणाऱ्याबद्दल वाटलेला खरा, शुद्ध आदर हळूच युद्धाच्या खात्यावर जमा होतो. ही चुकीची नोंद कवीपेक्षा वाचकाच्या हाताने जास्त होते. म्हणून ती दुरुस्त करण्याचे कामही वाचकाचेच आहे, असे माझे ठाम मत आहे.

पुरावा पहिल्या महायुद्धापासून घेऊ. त्या युद्धाची कारणे, सारायेव्होचा खून, तहांचे जाळे, हे सगळे आपण शाळेत शिकलो आहोत. त्यात वेळ घालवत नाही. रूपर्ट ब्रूक या तरुण इंग्रज कवीने युद्धाच्या पहिल्या हिवाळ्यात पाच सुनीते लिहिली. त्यातल्या ‘द सोल्जर’ या सुनीतात एक सैनिक आपल्या मरणाची कल्पना करतो: परक्या मातीत आपण पुरले जाऊ, आणि तेवढी माती कायमची इंग्लंडची होईल. ४ एप्रिल १९१५ या ईस्टरच्या रविवारी लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये डीन इंग यांनी हे सुनीत व्यासपीठावरून वाचून दाखवले. २३ एप्रिलला ब्रूक ग्रीसच्या स्कायरोस बेटाजवळ एका इस्पितळ-जहाजावर रक्तदोषाने वारला, आणि ‘टाइम्स’मध्ये त्याच्यावर चर्चिल यांनी लिहिले. त्याचा संग्रह पुन्हा पुन्हा छापावा लागला. आता ते सुनीत या प्रश्नासह वाचून पाहा: यात शत्रू कुठे आहे? नाही. हत्यार? नाही. सैनिक तिथे कशासाठी गेला आहे? त्याचाही पत्ता नाही. युद्धातली सर्वांत लाडकी कविता, आणि तिच्यात युद्धच नाही! चार्ल्स सॉर्ले हा विशीतला सैनिक-कवी त्याच एप्रिलमध्ये घरी लिहीत होता की ब्रूक स्वतःच्या त्यागातच फार गुंतला आहे. सॉर्ले त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला लूसच्या लढाईत मारला गेला. त्याची तक्रार कवीबद्दल होती. मी ती वाचकांपर्यंत नेतो. चर्चमध्ये बसलेल्या त्या हजारो आईबापांना मुलाचे मरण सहन करण्यासाठी शब्द हवे होते, आणि ते मागण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. मुलाने कुणाला मारले असेल हा विचार मात्र त्यांना नको होता. ब्रूकने तो त्यांच्या वाट्याला येऊच दिला नाही, म्हणून तो एवढा प्रिय झाला.

याची उलटतपासणी जर्मनीत करता येते. १९१४ मध्येच एर्न्स्ट लिसाउअर याने इंग्लंडच्या द्वेषाचे गीत लिहिले. कैसरने त्याला ‘रेड ईगल’ पदक दिले, बव्हेरियाच्या युवराजाने ते सैन्यात वाटले, शाळांतून मुलांनी पाठ केले. हे गीत त्यागाबद्दल काहीच बोलत नाही. त्यात शत्रू आहे आणि त्याच्याबद्दलचा द्वेष आहे. काय झाले त्याचे? इंग्लंडमध्ये ते भाषांतर होऊन पोचले आणि लोक हसले. ‘पंच’ साप्ताहिकाने फेब्रुवारी १९१५ मध्ये व्यंगचित्र छापले: एक जर्मन कुटुंब सकाळच्या न्याहारीसारखा सकाळचा द्वेष उरकते आहे. (हशा) आपण हसलात तसेच तेही हसले. खंदकातले इंग्रज सैनिक जर्मन तोफांच्या रोजच्या भडिमाराला ‘सकाळचा द्वेष’ म्हणू लागले. आणि खुद्द जर्मनीत? युद्ध संपल्यावर त्या गीताचे नाव कुणालाच नकोसे झाले. ज्यांनी ते पाठ केले होते त्यांनीच कवीला टाळले. स्टेफान झ्वाइगच्या आत्मकथनात त्याची ही हकीगत आली आहे. लिसाउअर १९३७ मध्ये व्हिएन्नात वारला. म्हणजे पाहा, एकाच युद्धातल्या दोन कविता. मरणाची टिकली, द्वेषाची विरली. वाचकाचा कल यातून स्पष्ट दिसतो, आणि तो माणुसकीचाच कल आहे हे मी मान्य करतो. लोक रक्तपिपासू असते तर उलट झाले असते. पण माणुसकीचा हा कलच वाचकाला एका ठिकाणी आंधळा करतो. द्वेषाची कविता ओळखू येते, म्हणून तिच्यापासून फारसा धोका नाही. त्यागाची कविता निर्मळ वाटते, आणि तिच्या आडून युद्ध निर्मळ होऊन बसते.

इथे आपल्यातले जाणकार म्हणतील, आणि म्हणावेच, की हे पोवाड्यांना कसे लागू पडते? अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा तर मारण्याचाच आहे. खरे आहे. हा आक्षेप मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यातूनच माझा मुद्दा नीट उभा राहतो. त्या पोवाड्यात मारणे आहे, आणि ज्याला मारले तोही आहे. खानाला नाव आहे, त्याचा दरारा आहे, त्याची फौज आणि विजापुराहून निघालेली त्याची वाट आहे. ऐकणाऱ्याला कळते की कोण मेला आणि का मारला. होमरच्या ‘इलियड’मध्ये पडणाऱ्या ट्रोजन वीराचा बाप कोण, गाव कोणते, हे कवी सांगत जातो, आणि शेवटच्या सर्गात हेक्टरचा म्हातारा बाप आपल्या मुलाला मारणाऱ्याच्या हाताचे चुंबन घेतो. महाभारत तर याहून पुढे जाते. अठरा दिवसांचे युद्ध संपले की स्त्रीपर्व येते. गांधारी रणभूमीवर एकेक प्रेत पाहत फिरते, आपल्या आणि परक्या दोन्हीकडच्या बायकांचा आकांत सांगते आणि कृष्णाला शाप देते. दोन्ही पक्षांच्या मृतांना अग्नी दिला जातो. आणि जलांजली देण्याच्या क्षणी कुंती सांगते की कर्णालाही पाणी दे, तो तुझा थोरला भाऊ होता. विजयी युधिष्ठिराला आपण कुणाला मारले हे तेव्हा कळते. आपल्या परंपरेने युद्धाचा गौरव केला असेल, पण खाते अर्धे ठेवले नाही. आपण श्रोत्यांनी मात्र भीष्मप्रतिज्ञा ठेवली, अभिमन्यूचा चक्रव्यूह ठेवला, आणि स्त्रीपर्व कीर्तनातून, पाठ्यपुस्तकांतून, दूरदर्शनवरच्या आठवणीतूनही जवळजवळ गाळून टाकले. व्यासांनी दिलेले आपण वाचले नाही, हा दोष व्यासांचा कसा?

जुन्या वीरकाव्याचा श्रोता आणि नव्या वीरकाव्याचा वाचक यांच्यात एक मोठा फरक आहे, तो असा. पोवाडा ऐकणाऱ्याच्या दारात उद्या फौज येऊ शकत होती. त्याचे शेत जळू शकत होते, त्याचा भाऊ कापला जाऊ शकत होता आणि त्याला स्वतःलाही कुणावर तलवार उचलावी लागू शकत होती. त्याच्यापासून मारणे लपवून काय उपयोग? एकोणिसाव्या शतकात वेगळाच वाचक जन्माला आला. त्याच्या नावाने दोन हजार मैलांवर लढाई चालते आणि ती त्याला सकाळच्या वर्तमानपत्रात कळते. या वाचकासाठी लिहिलेली पहिली जगप्रसिद्ध कविता म्हणजे टेनिसनची ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियातल्या बालाक्लाव्हा इथे एका संदिग्ध हुकुमामुळे पावणेसातशेच्या आसपास घोडेस्वार थेट रशियन तोफांच्या तोंडावर गेले. शंभरावर ठार झाले, त्याहून अधिक जखमी झाले. हुकूम लॉर्ड रॅग्लनचा, आणणारा कॅप्टन नोलन, घेणारा लॉर्ड ल्यूकन, धावेच्या अग्रभागी लॉर्ड कार्डिगन. चूक नेमकी कुणाची हा वाद आजही मिटलेला नाही. ‘टाइम्स’ने बातमी छापली, टेनिसनने ती वाचली, आणि ९ डिसेंबरला कविता ‘एक्झॅमिनर’ साप्ताहिकात आली. लढाई ते कविता हा प्रवास दीड महिन्याचा.

या कवितेच्या एका ओळीची गोष्ट मी दोन वाक्यांत सांगणार होतो, पण ती तशी सांगितली तर तिच्यावर अन्याय होईल. पहिल्या छापील रूपात कवी स्पष्ट म्हणतो की कुणीतरी घोळ घातला होता. पुढच्या जुलैमध्ये संग्रह निघाला तेव्हा मित्रांच्या सल्ल्यावरून टेनिसनने हा उल्लेख काढून टाकला. धाव उरली, शौर्य उरले, मरण उरले, चूक गेली. तेवढ्यात स्कुतारीच्या लष्करी इस्पितळातल्या एका धर्मगुरूकडून निरोप आला की तिथल्या शिपायांना ही कविता फार प्रिय आहे, ती छापून पाठवली तर त्यांच्यावर उपकार होतील. या शिपायांना जी कविता माहीत होती ती अर्थात पहिली, चूक सांगणारी. ऑगस्ट १८५५ मध्ये टेनिसनने शिपायांसाठी एक हजार प्रती छापवल्या, आणि त्यांत तो उल्लेख परत घातला. त्या हिवाळ्यात जॉन रस्किनसारख्या मर्मज्ञानेही टेनिसनला लिहिले की तुम्ही तेवढे काढायला नको होते. पुढच्या आवृत्तीत तो कायमचा परत आला. या घटनेचा अर्थ मला असा दिसतो: घरी बसलेल्या सभ्य वाचकासाठी चूक झाकावी असे सभ्य मित्रांना वाटले, पण ज्यांच्या मित्रांची प्रेते बालाक्लाव्हाच्या दरीत पडली होती त्यांच्यासमोर ती झाकण्याचे धैर्य कवीला झाले नाही. खरे सोसलेल्या वाचकाला खरे चालते. अर्धसत्याची मागणी मागच्या, सुरक्षित रांगेतून येते.

गोष्ट इथेच संपत नाही. पस्तीस वर्षांनी, १८९० साली, बातमी आली की त्या धावेतून वाचलेले कित्येक म्हातारे शिपाई हलाखीत दिवस काढत आहेत. साऱ्या इंग्लंडच्या शाळांत ती कविता मुले घोकत होती, आणि कवितेतली माणसे कुणाच्या तरी दयेवर जगत होती. निधी उघडला. एडिसनच्या नव्या फोनोग्राफ यंत्रावर त्यासाठी आवाज मुद्रित झाले: फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा आवाज, आणि त्या दिवशी रणात असलेल्या मार्टिन लँडफ्रीड या बिगुलवाल्याचा बिगुल. त्याच वर्षी ऐंशीच्या टेनिसननेही मेणाच्या नळकांड्यावर आपली कविता म्हटली. ते मुद्रण आजही ऐकता येते. आणि याच वर्षी पंचविशीही न गाठलेल्या किपलिंगने, आपल्या मुंबईत जन्मलेल्या, पुढे साम्राज्याचा भाट म्हणून बदनाम झालेल्या किपलिंगने, ‘द लास्ट ऑफ द लाइट ब्रिगेड’ लिहिली. तिच्यात उपाशी म्हातारे शिपाई कवीच्या दारी जाऊन सांगतात की आमच्याबद्दल लिहिलेत त्याचे पुढे काय झाले तेही लिहा. साम्राज्याच्या कवीने साम्राज्याच्या वाचकांना त्यांचीच शरम दाखवली. अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहत आहेत, पण हा प्रसंग माझ्या साऱ्या विवेचनाचा कणा आहे म्हणून तो पुरा केला.

कणा कसा, ते सांगतो. मेलेला स्वार कवितेत मावतो, वाचलेला मावत नाही. असे का? तो गरीब आहे, म्हातारा आहे, पैसे मागतो, हे एक कारण झालेच. पण त्याच्या खाली दुसरे कारण आहे. जिवंत परतलेला सैनिक म्हणजे ज्याने मारले आहे असा माणूस. मेलेल्याने काय केले हे आपण विसरू शकतो, कारण मरणाने त्याचे सगळे पुसून टाकले. परतलेल्याचे पुसले जात नाही. तो रात्री दचकून उठतो आणि त्याला जे आठवते ते ऐकायची आपली तयारी नसते. आपल्या गावागावांत पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत, आपण त्या पाहिल्याच असतील. या गावातून इतके पुरुष युद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला तर लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखतात; त्या एका गावातले ४६ जण त्या युद्धात कामी आले. पाटीवर दोन आकडे असतात, गेलेल्यांचा आणि मेलेल्यांचा. तिसरा, त्यांनी किती जणांना मारले याचा, कुठल्याही देशातल्या कुठल्याही पाटीवर नसतो. तो कोरायला हवा असे मी म्हणत नाही. तो नाही हे पाटी वाचणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही, याकडे मी आपले लक्ष वेधतो. मेसोपोटेमियाच्या वाळूत साताऱ्याच्या शेतकऱ्याने अनातोलियाच्या शेतकऱ्याला गोळी घातली. दोघांचे एकमेकांशी काही वैर नव्हते. दोघांच्या गावी आज दगड आहे, आणि एकाही दगडाला दुसऱ्याची खबर नाही.

आता सभागृहात थोडी चुळबुळ ऐकू येते आहे, आणि एक चिठ्ठीही आली आहे. चिठ्ठीत विचारले आहे, “नेसरीच्या सात वीरांबद्दल आपण काय म्हणाल?” म्हणणारच होतो. २४ फेब्रुवारी १६७४, गडहिंग्लजजवळची नेसरी, सरनौबत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथी. उमराणीच्या लढाईनंतर बहलोलखानाला सोडून दिले म्हणून शिवछत्रपतींनी दिलेली समज, तिचा जिव्हारी लागलेला घाव, आणि मागच्या फौजेची वाट न पाहता खानाच्या सैन्यावर घातलेली झेप. आपल्याला सारे ठाऊक आहे. कुसुमाग्रजांनी त्यावर लिहिलेले, हृदयनाथांच्या चालीत लताबाईंनी गायलेले गीत ऐकून ज्याचे डोळे ओले होत नाहीत असा मराठी माणूस विरळा. माझेही होतात, आणि त्यात मला काहीच गैर वाटत नाही. त्या गीताला मी कमी लेखत नाही, उलट टेनिसनच्या कवितेपेक्षा ते मला अधिक प्रामाणिक वाटते. टेनिसनला घोळाचा उल्लेख काढावा की ठेवावा हा प्रश्न पडला. कुसुमाग्रजांनी त्या धावेला गीताच्या तोंडावरच वेड म्हटले. म्हणजे कवीने आपल्याला सावध केले आहे. सेनापतीने फौज मागे ठेवून सात जणांनिशी तुटून पडणे हे स्वराज्याचे युद्धशास्त्र नव्हते. ज्या महाराजांनी हे राज्य उभे केले त्यांनी माणूस राखून लढण्याचा धडा दिला, गरज पडली तेव्हा पुरंदरचा तह करून किल्लेही दिले. नेसरीत स्वराज्याने सेनापती गमावला आणि बहलोलखान शाबूत राहिला. आपण गीत गाताना त्या वेडाला वंदन करतो आणि ते वेड होते हे विसरतो. कवीने म्हटलेले आपण अर्धेच ऐकतो, आणि या अर्ध्या ऐकण्यावर माझा आक्षेप आहे.

दुसरा आक्षेप मीच उभा करतो, कारण तो मला सर्वांत कठीण वाटला. कुणी म्हणेल, हे सगळे घरी बसलेल्यांचे झाले; ज्याने रण पाहिले आणि तरीही रणाचे गाणे गायले त्याचे काय? असा कवी आहे: ज्यूलियन ग्रेनफेल. फ्लँडर्सच्या खंदकांत लढला, शौर्याचे पदक मिळवले, २६ मे १९१५ ला जखमांनी वारला. त्याची ‘इंटू बॅटल’ ही कविता दोनच दिवसांनी ‘टाइम्स’मध्ये त्याच्या मृत्यूच्या वार्तेबरोबर आली. तिच्यात युद्धाचा निखळ आनंद आहे: वसंत, झाडे, तारे, घोडे, पक्षी, सगळी सृष्टी योद्ध्याची सोबतीण. हा माणूस खोटे लिहीत नव्हता, त्याला रण खरोखर आवडत होते. पण त्या कवितेतही मारलेला माणूस शोधून सापडत नाही. तो सापडतो दुसरीकडे. ग्रेनफेलला शिकारीचा नाद होता, मारलेल्या तितरांची नोंद तो शिकारीच्या वहीत ठेवत असे. नोव्हेंबर १९१४ मध्ये जर्मन खंदकापर्यंत सरपटत जाऊन त्याने टिपलेल्या पोमेरेनियन सैनिकांची नोंद त्याने त्याच वहीत केली, तितरांच्या खाली. वाचकांना कविता मिळाली आणि वही घरी राहिली. माझ्या म्हणण्याला याहून उघड पुरावा मला ठाऊक नाही. ज्याला मारण्याची लाज वाटत नव्हती त्यानेही मारणे कवितेत आणले नाही, कारण कविता वाचणाऱ्याला काय सोसते हे त्याला ठाऊक होते.

मग युद्धविरोधी कवितेच्या वाचकाचे काय, तो तरी निर्दोष आहे का? माझे उत्तर आहे, नाही. विल्फ्रेड ओवेन हा त्या संप्रदायाचा श्रेष्ठ कवी. ४ नोव्हेंबर १९१८ ला, युद्ध संपायला आठवडा उरला असताना मारला गेला. तार आईच्या हाती पडली ती ११ नोव्हेंबरला, शांततेच्या दिवशी. त्याच्या ‘स्ट्रेंज मीटिंग’ या कवितेत एक सैनिक पाताळात जातो आणि तिथे त्याला भेटतो तो त्यानेच मारलेला शत्रू. स्त्रीपर्वात युधिष्ठिराला जे कळले तेच इथे या शिपायाला कळते. हे एवढे मोठे धाडस इंग्रजी वाचकाला पचायला चाळीस वर्षे लागली. येट्सने १९३६ च्या आपल्या ऑक्सफर्ड संकलनात ओवेनला जागाच दिली नाही. निष्क्रिय दुःखसहन हा काव्याचा विषय होत नाही, असे त्याचे मत. १९६२ मध्ये बेंजामिन ब्रिटनने कॉव्हेंट्रीच्या नव्या कॅथीड्रलसाठी ‘वॉर रेक्विएम’ रचले, त्यात ओवेनच्या कविता घेतल्या, आणि त्यानंतर ओवेन घरोघर पोचला. पण कसा पोचला पाहा. १ ऑक्टोबर १९१८ च्या लढाईसाठी त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला होता. मूळ मानपत्रात म्हटले होते की त्याने शत्रूची हस्तगत केलेली मशिनगन स्वतः चालवून शत्रूची मोठी हानी केली. त्याच्या मागे छापलेल्या पुस्तकांत बराच काळ हे वाक्य बदललेल्या रूपात फिरत राहिले. हानीच्या जागी त्याने कैदी पकडल्याचे आले. करुणेच्या कवीच्या हातून माणसे मेली हे करुणेच्या वाचकांनाही नको होते! म्हणजे युद्धाचा गौरव करणारा वाचक आणि युद्धाचा निषेध करणारा वाचक, दोघे एकाच ठिकाणी डोळे मिटतात. फरक एवढाच की ओवेनने स्वतः ते मिटले नव्हते.

घंटा झाली आहे, दोन गोष्टी भराभर सांगतो. एक, कवितेमुळे युद्धे होतात असे मी म्हटलेले नाही. ब्रिटनमध्ये सुमारे पंचवीस लाख माणसे आपण होऊन भरती झाली, पण जानेवारी १९१६ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा करावाच लागला. ब्रूकची सुनीते तेव्हा घराघरांत होती. कविता भरती करत नाही. तिचे काम वेगळे आहे: युद्ध चालू असताना आणि संपल्यावर घरच्यांनी काय आठवावे आणि काय विसरावे, ते ती ठरवते, आणि पुढच्या पिढीचे युद्धाबद्दलचे मत त्या आठवणीवर उभे राहते. दुसरे, स्वसंरक्षणाचे युद्ध वेगळे, असे कुणीही म्हणेल. वेगळेच आहे. काही युद्धे करावी लागतात, सीमेवर कुणीतरी उभे राहावे लागते, आणि जो उभा राहतो त्याचे ऋण माझ्यावर आहे. पण अटळ असणे निराळे आणि मंगल असणे निराळे. आपल्यासाठी एका तरुणाला दुसऱ्या तरुणाचा जीव घ्यावा लागला, ही न्याय्य युद्धातलीही जड गोष्ट आहे. ते ओझे त्याने एकट्याने वाहायचे आणि आपण फक्त फुले वाहायची, ही वाटणी मला मान्य नाही.

म्हणून माझी सूचना साधी आणि अमलात येण्यासारखी आहे. वीररसाच्या कविता पुस्तकांतून काढू नका, गाणी बंद करू नका. १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला शाळाशाळांतून काव्यवाचनाच्या स्पर्धा होतात. तिथे एक नियम करा. जो रणाची कविता म्हणेल त्याने तिच्या जोडीला दुसरी म्हणावी, पडलेल्या शत्रूची, परतलेल्या सैनिकाची किंवा मागे राहिलेल्या बाईची. नेसरीच्या गीताबरोबर स्त्रीपर्वातला गांधारीचा विलाप मराठीत म्हटला जावा. शिक्षकांनी मुलांना एवढेच विचारावे: या कवितेत कोण मेले, कुणी मारले, आणि कवीने कुणाचे नाव घेतले नाही? बारा वर्षांचे पोरही याचे उत्तर देऊ शकते, आणि हा प्रश्न एकदा विचारायची सवय लागली की ती पुढे वर्तमानपत्र वाचताना, भाषण ऐकताना, मत देतानाही टिकते. यामुळे सैनिकांचे मनोधैर्य खचेल अशी भीती दुसऱ्या चिठ्ठीत व्यक्त झाली आहे. तिचे उत्तर क्रिमियातल्या शिपायांनी आधीच देऊन ठेवले आहे: त्यांना चूक सांगणारी कविताच प्रिय होती. सैनिक आपल्याकडून खोट्या स्तुतीची अपेक्षा करत नाही. तो परत आल्यावर आपण त्याचे सगळे ऐकून घ्यावे, त्याने केलेले आणि त्याच्याकडून आपण करवलेले, एवढा त्याचा आपल्यावर हक्क आहे. वीरकाव्याचा वाचक त्या ऐकण्याला तयार झाला तर वीराचा खरा मान राखला जाईल, आणि युद्धाला त्याच्या वाट्याचा नसलेला मान मिळणार नाही. आता आपले प्रश्न येऊ द्या.